मामांचा 160 वॉटचा जुना पायोनियर फ्लॅटमध्ये वापरू का?

तुम्ही विचारलंय की मामांनी अमेरिकेहून आणलेला पायोनियर एसएक्स-1250 रिसीव्हर (रेडिओ आणि अँप एकत्र असलेला सेट) दहा वर्षं माळ्यावर पडून आहे. तो नाशिकला गंगापूर रोडच्या टू बीएचकेत वापरावा का, शेजाऱ्यांना त्रास होईल का, आणि बिल किती वाढेल.

जरूर वापरा. फक्त आज उत्साहाच्या भरात प्लग लावू नका.

अमेरिकेतला सेट 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचा असतो. आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. मागच्या प्लेटवर काय छापलंय ते आधी वाचा. 120 लिहिलं असेल तर स्टेपडाउन (व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लागेलच, आणि तो 110 व्होल्ट देणारा घ्या. 50 हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरच्या कोअरवर ताण जास्त पडतो, त्यामुळे व्होल्ट थोडे कमी असलेलेच बरे. मिक्सरसाठी मिळतो तो छोटा स्टेपडाउन इथे चालणार नाही. निदान 1000 व्हीएचा, वजनदार, तांब्याच्या वाइंडिंगचा बघा.

दुसरं म्हणजे आतले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग. या सेटच्या पॉवर सप्लायमध्ये 22,000 मायक्रोफॅरडचे चार मोठे डबे आहेत. इतकी वर्षं पडून राहिलेले कंडेन्सर एकदम पूर्ण व्होल्टेजवर आणले तर फुटू शकतात. म्हणून पहिल्यांदा सिरीज लॅम्प (सेटला जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब) लावूनच चालू करायचा, स्पीकर न जोडता. शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब हवा, एलईडी नाही. चालू करताच बल्ब लख्ख पेटून मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर लगेच बंद करा, आत कुठेतरी शॉर्ट आहे. आणि बंद केल्यावरही त्या डब्यांमध्ये चार्ज राहतो, तेव्हा झाकण काढून बोट किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका.

माझ्याकडे सिडकोत सॅन्सुई एयू-717 आहे, 85 वॉटचा. तो घेतला तेव्हा छान वाजत होता. तीन महिन्यांनी एका संध्याकाळी डाव्या स्पीकरमधून भप्पकन आवाज आला, मग जळका वास. वूफरची, म्हणजे खर्जाच्या स्पीकरची, कॉइल गेली. उघडून पाहिलं तर कुणा मेकॅनिकने आधी कधीतरी प्रोटेक्शन रीलेच्या (बिघाड झाला की स्पीकर तोडणाऱ्या स्विचच्या) पायांवर तार जोडून ठेवली होती. रीले पकडत नव्हता म्हणून त्याने रीलेच बाजूला काढला! आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) थेट स्पीकरवर गेला आणि त्याला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून जुना सेट बघायला गेलो की मी आवाजाच्या आधी रीले ऐकतो. चालू केल्यावर काही सेकंदांनी "टक्" व्हायलाच हवं.

त्या टक्नंतर, स्पीकर न जोडताच, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकर टर्मिनलवर मोजा, दोन्ही चॅनल, दहा मिनिटं तापल्यावर. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. शंभराच्या वर असेल तर स्पीकर जोडू नका. मेकॅनिककडे नेलात तर त्याला एकच प्रश्न विचारा, "बायस कसा सेट करता?" बायस म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट. मीटर काढून दाखवणारा माणूस धरा. "कानाने लावतो" म्हणणाऱ्याकडून सेट परत आणा. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतात, पण आउटपुट ट्रान्झिस्टर जुन्या नंबरचे आणि नकली असे भरपूर विकले जातात. तिथे स्वस्त शोधू नका.

आता शेजाऱ्यांचं. 160 वॉटचा सेट म्हणजे ऐकताना तो सतत 160 वॉट सोडतो असं नव्हे. 88 डेसिबलचा साधा स्पीकर एका वॉटवर मीटरभर अंतरावर 88 डेसिबल देतो, आणि हॉलमध्ये एवढा आवाज पुष्कळ झाला. पण तबल्याची थाप सरासरीच्या 20 डेसिबल वर गेली तर त्या क्षणी शंभरपट ताकद लागते. एका वॉटचे शंभर! छोटा अँप तिथे लहरीचा माथा कापतो, थाप चपटी होते, आणि आवाज वाढवत गेलात तर ट्विटर (बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर) जळतो. मोठा अँप ती थाप अख्खी सोडतो. बायाँची घुमक पोटात जाणवते ती यामुळे, आणि माझ्या मते जुने मोठे सेट सांभाळण्याचं खरं कारण हेच आहे. शिवाय 1974 मध्ये अमेरिकेत वॉट मोजायचा कडक नियम आला, दोन्ही चॅनल एकदम चालवून, सतत. त्यामुळे त्या काळातले 160 हे खरे 160 आहेत, आपल्याकडच्या नव्वदीतल्या डब्यांवरचे पीएमपीओचे फुगवलेले आकडे नव्हेत.

माझ्या घराची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. मी स्पीकर तिच्यापासून दोन फूट पुढे ओढले, खाली जाड रबर दिलं आणि रात्री दहानंतर लाउडनेसचं बटण दाबून अगदी हळू ऐकतो. कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, ते बटण तेवढाच भरून काढतं. आठ वर्षांत तक्रार नाही.

बिलाची काळजी नको. माझा सेट साध्या ऐकण्यात साठ-सत्तर वॉट घेतो, म्हणजे रोज तीन तास धरले तर महिन्याला साधारण सहा युनिट. तुमचा मोठा आहे, थोडं जास्त धरा.

शोकेसमध्ये मात्र कोंबू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, वर वीतभर मोकळी जागा हवीच. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवा, स्विचचे आणि रीलेचे पॉइंट काळे पडत नाहीत. आणि मागच्या फटींना बारीक जाळी लावा. पाल आत शिरून बोर्डावर मेली तर सेटही जातो.

सेट जवळपास तीस किलोचा आहे, माळ्यावरून उतरवायला दोघं जण लागतील. सिरीज लॅम्पवर बल्ब मंद झाला आणि टक् ऐकू आलं की दोन्ही चॅनलचे मिलिव्होल्ट किती आले ते सांगा. त्यावरून स्पीकर जोडायचे की नाही ते ठरवू.