गिरणीतली ओळख

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. रक्ताच्या तपासणीत सिलिअ‍ॅकची (गहू आणि जव यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते, त्या आजाराची) शंका आली आहे, एंडोस्कोपी पुढच्या आठवड्यात आहे आणि रिपोर्ट हातात पडल्यापासून तू पोळीला शिवली नाहीस, असं ती म्हणाली. म्हणून आधी एवढंच वाच, बाकीचं पत्र सावकाश वाचलंस तरी चालेल. एंडोस्कोपी होईपर्यंत स्वतःच्या मनाने गहू बंद करू नकोस. लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासतात, तेव्हा गव्हाने केलेली इजा त्यात दिसावी लागते. गहू आधीच थांबवला तर आतडं भरून यायला लागतं आणि निदान अधांतरी राहतं. आजच डॉक्टरांना फोन कर आणि गहू किती दिवस बंद आहे तेही सांग.

माझं हिमोग्लोबिन कित्येक वर्षं नऊच्या वर गेलं नाही. लोहाच्या गोळ्या चालू होत्या, पण आतड्याच्या अस्तरावरचे केसांसारखे उंचवटे झिजलेले असताना ते लोह अंगी लागणार कसं? मलाही हाच आजार असल्याचं निदान झालं तेव्हा हातात अर्ध्या पानाची यादी मिळाली: पोळी, रवा, मैदा, जव बंद. यादी मी निमूटपणे पाळली. सहा महिने झाले तरी पोट बिघडायचं ते बिघडतच होतं. मला वाटलं, आपलंच शरीर काही मानत नाही.

एका दुपारी ज्वारी दळायला गिरणीत गेले होते. पुढे एक बाई गिरणीवाल्याशी हुज्जत घालत होत्या. ‘आधी माझे हे दोन किलो तांदूळ घाला, ते पीठ मला नको, मग माझी ज्वारी घाला.’ मी विचारलं, असं का? त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘मुलाला गहू चालत नाही हो. जात्यात राहिलेलं पीठ उतरतं ना ज्वारीत.’ बाळ, मी तिथेच पोत्यावर बसले. सहा महिने मी भाकरी खात होते, आणि त्या भाकरीतूनच गहू माझ्या पोटात जात होता.

त्या बाईंनी मला आणखी तिघींची ओळख करून दिली. तांदूळ घालूनही जातं पूर्ण स्वच्छ होत नाही, शिवाय गिरणीच्या हवेतही गव्हाचं पीठ उडत असतं, हे त्यांच्याही लक्षात यायला वेळ लागला होता. शेवटी आम्ही वर्गणी काढून एक घरघंटी घेतली. त्यात गव्हाचा दाणा कधी पडलेला नाही. दर रविवारी आळीपाळीने दळण.

हिंगाचंही त्यांच्याकडूनच कळलं. डबीतला हिंग नुसता हिंग नसतो, त्यात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. म्हणजे आपण वरणाची फोडणी ‘सुरक्षित’ समजून घालतो आणि चूक तिथेच होते. घटक वाचून तांदळाच्या पिठातला किंवा डिंकातला शोधून घे. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, कुरडई तर गव्हाचीच. उलट उपवासाचं ताट बघ: वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. फक्त ते पीठ कुठे दळलंय ते विचारायचं. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर आपल्या कायद्याप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. यावरून चिमटीभर कणकेची किंमत ओळख. परात, पोळपाट-लाटणं आणि तवा वेगळा ठेव, आईला वाईट वाटलं तरी.

डॉक्टर आणि औषधं हवीतच. पण स्वयंपाकघरातलं ज्ञान स्वयंपाकघरातूनच येतं, असं माझं ठाम मत आहे. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने या आजाराचं मूळ गव्हात शोधलं. पाव बंद केला की आपलं मूल सुधारतं, असं एका आईने सांगितल्यावर त्याचं लक्ष तिकडे गेलं, असं म्हणतात. पुढे 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, आणि एरवी खंगणारी ही मुलं त्या काळात सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला. त्या आईचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलेलं मी पाहिलं नाही.

तुला सगळ्यात जड जाईल ते प्रसादाचं. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, आणि ‘चिमूटभराने काय होतंय’ म्हणणारी माणसं मायेचीच असतात. मी प्रसाद दोन्ही हातांनी घेते, कपाळाला लावते आणि शेजारच्या लेकराच्या हातावर ठेवते. पहिल्या वर्षी डोळे भरून यायचे. आता आमच्यातली कुणी ना कुणी राजगिऱ्याचा शिरा करून आणते.

भाकरी थापता येत नाही म्हणून रडलीस म्हणे. गव्हाच्या कणकेला जो ताण असतो तो ग्लूटेनचा, ज्वारीत तो नाहीच. म्हणून पाणी उकळतं घ्यायचं, पीठ थोडं शिजतं आणि चिकटतं. तळहाताच्या टाचेने भरपूर मळ. तरीही चिरा पडल्या तर दोष तुझ्या हाताचा नाही, पीठ जुनं होऊन त्याची विरी गेलेली असते.

निदान पक्कं झालं की धाकट्या भावाची आणि आईबाबांचीही रक्ततपासणी करून घ्या, हा आजार घराण्यात उतरतो.

एंडोस्कोपी झाली की त्यानंतरच्या रविवारी ये. दळण माझ्याकडे आहे, चौघीही असतील. घरून डबा आणू नकोस, रिकामी बरणी आण.

तुझी,
काकू