शालेय पोषण आहारातलं अंडं शाकाहारी लोकांच्या विरोधामुळेच बंद झालं का?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन वर्षं आहाराची नोंदवही माझ्याकडे होती, त्यामुळे हा वाद मी पेपरात कमी आणि चुलीशेजारी जास्त पाहिला.

विरोध झाला, हे खरं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं ठरवलं तेव्हा निवेदनं गेली, टीव्हीवर भांडणं झाली. आमच्या गावात निम्मी घरं माळकरी. मी धास्तावले होते. प्रत्यक्षात पालकांना विचारून यादी एका दुपारी तयार झाली आणि पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही. एक माळकरी पोरगा तेवढा दर शुक्रवारी सांगायचा, "मॅडम, मोठं केळं द्या, त्यांचं अंडं मोठंय."

आमचं गाडं अडायचं ते दरावर. शासन अंड्याला ५ रुपये देणार, आणि थंडीत दुकानदार ७ च्या खाली यायला तयार नाही. साठ अंडी म्हणजे दोन ट्रे, म्हणजे आठवड्याला १२० रुपयांची खोट. ती कधी मुख्याध्यापकांच्या खिशातून, कधी माझ्या. त्यात वाटेत चार-पाच फुटायची, ती वेगळी.

मग जानेवारी २०२५ मध्ये नवा निर्णय आला. अंडा पुलाव, खीर, नाचणी सत्व हे सगळं ऐच्छिक. अंड्यासाठी आणि साखरेसाठी वेगळा पैसा नाही, हवं तर लोकसहभागातून करा. आमच्याकडे लोकसहभाग म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला मजुरी बुडवून आलेले चार पालक. त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने पावती पुस्तक धरायचं?

"खिचडी पौष्टिकच असते की," असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब सांगते. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. कागदावर १२ भरतात, पण त्यातली निम्म्याहून जास्त तांदळातून येतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, तीही चांगल्या प्रतीची. तमिळनाडूत शाळेच्या पाचही दिवशी अंडं मिळतं. कर्नाटकात एका खासगी फाउंडेशनच्या पैशातून आठवड्याला सहा झाली. शाकाहारी लोक तिकडेही आहेतच की!

आणखी एक गोष्ट या चर्चेत कुणी काढत नाही. २०२४ मध्ये पाककृतींची लांबलचक यादी आली, मोड आलेली कडधान्यं वगैरे. कल्पना छानच. पण आमच्या स्वयंपाकीण मावशी आदल्या रात्री मटकी घरी भिजवायच्या, फडक्यात बांधून चुलीपाशी ठेवायच्या आणि सकाळी डोक्यावरून आणायच्या. मानधन तेव्हा महिन्याला २,५०० रुपये, तेही वेळेवर नाही. पदार्थ वाढवणाऱ्यांनी मावशींचं मानधनही वाढवायला हवं होतं.

तुमच्या शाळेत अंडं सुरू ठेवायचं असेल, तर समितीत ठराव करून घ्या आणि पोल्ट्रीवाल्याशी दिवाळीआधीच दर ठरवा. डिसेंबरात तो कुणाचं ऐकत नाही.