साठा तुरीचा करावा की बारदानाचा?

प्रश्न : औसा तालुक्यात आमची लहान डाळ मिल आहे. २०२० च्या टाळेबंदीत गोदामात तूर असूनही बारदान मिळेना आणि एमरी रोल (डाळीची साल काढणारा खरखरीत रूळ) भरणारा कारागीर बिहारला परतला, त्यामुळे मिल बंद ठेवावी लागली. आता एक किलोच्या पाकिटांत डाळ विकण्याचा विचार आहे. वडील वर्षभराची तूर भरून ठेवा म्हणतात, आमचे सी.ए. साठ्यात पैसा अडकवू नका म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, जि. लातूर

उत्तर : तूर दारात असूनही आपली मिल थांबली, यातच उत्तराचा मोठा भाग आहे. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागू झाली, पश्चिम बंगालमधील ताग गिरण्या बंद पडल्या आणि ऐन रब्बी खरेदीच्या तोंडावर बारदानाची अशी टंचाई झाली की केंद्र सरकारला धान्यासाठी प्लॅस्टिकच्या पोत्यांना परवानगी द्यावी लागली. म्हणून साठा करायचाच, तर ज्याच्यावाचून मिल थांबते त्याचा आधी करावा. बारदान, सुतळी, चाळण्यांच्या जाळ्या, पट्टे, बेअरिंग हे सारे दोन-तीन महिने पुरेल इतके ठेवले, तरी ट्रकभर तुरीपुढे तो खर्च किरकोळच आहे.

पाकिटांच्या बाबतीत एक अडचण हमखास नजरेआड राहते. छपाईचे सिलिंडर, म्हणजे पाकिटावरील मजकूर व चित्र कोरलेले रूळ, बहुधा छापणाऱ्याकडेच असतात. त्याचे काम थांबले की आपला माल पाकिटाविना पडून राहतो. सुरुवातीला कोरी पाकिटे घेऊन त्यांवर लेबल लावावे आणि खप बसल्यावर दोन ठिकाणी छपाईची सोय करावी.

वडिलांची भीती अनुभवातून आलेली आहे, तिचा मान राखायलाच हवा. परंतु तुरीचा भाव आता केवळ लातूरच्या आडतीवर ठरत नाही. म्यानमार आणि मोझांबिकहून येणारी तूरही तो खालीवर करते. शिवाय २ जून २०२३ रोजी केंद्राने तूर व उडदावर साठामर्यादा घातली, तेव्हा मिलही तिच्या कक्षेत होत्या. वर्षभराची तूर भरून ठेवणाऱ्याला व्याज, कीड आणि असा एखादा आदेश, तिन्हींची जोखीम घ्यावी लागते. जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने खरेदी करावी आणि जवळच्या शेतकरी उत्पादक कंपनीशी लेखी बोलणी करून ठेवावीत, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

उधारीकडे मात्र आजपासूनच लक्ष द्यावे, कारण टाळेबंदीत कच्चा माल असूनही येणे अडकल्यामुळे अनेक उद्योग बसले. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी केली नसल्यास करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास खरेदीदाराला चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

राहिला रोल भरणारा कारागीर. त्याला सन्मानाने परत बोलवावे, पण पुढच्या हंगामात त्याच्या हाताखाली गावातील दोन मुले जरूर ठेवावीत.