नखाएवढ्या नाण्यावरचं शहर

प्रश्न : माझ्या संग्रहात जर्मनीचं एक छोटं चांदीचं नाणं आहे. एका बाजूला अननसासारखं फळ, दुसरीकडे दुतोंडी गरुड. राजाचा चेहरा का नाही? आणि कडा तांबूस कशी?

उत्तर : ते अननस नव्हे, पाइनच्या झाडाचं बोंड. ही ऑग्सबर्ग शहराची खूण, म्हणून नाणं तिथलंच. ऑग्सबर्ग, न्यूरेंबर्ग ही तेव्हा पवित्र रोमन साम्राज्यातली, म्हणजे जर्मन प्रदेशांच्या जुन्या साम्राज्यातली, स्वतंत्र साम्राज्यनगरं. मध्ये कुणी राजा-सरदार नाही, थेट सम्राटाच्या छत्राखाली. म्हणून एका अंगाला शहराची खूण, दुसऱ्या अंगाला साम्राज्याचा गरुड. भिंग घेऊन गरुडाची छाती बघा. तिथल्या गोळ्यात १ हा आकडा असेल तर ते एक क्रॉइत्सर. असे ६० क्रॉइत्सर म्हणजे एक गुल्डन. वजन एक ग्रॅमही भरत नाही. मी पहिल्यांदा तळहातावर घेतलं तेव्हा श्वास रोखून धरला होता.

कडेचं म्हणाल, तर चांदीत तांबं बरंच मिसळत. टाकसाळीत चकत्या आम्लात उकळल्या की वरचं तांबं निघून जाई आणि चांदीचा पांढरा थर उरे. वापरात तो आधी कडेला झिजतो. १६१९ ते १६२३च्या सुमारास तर खोट फार वाढली. लोक तराजूत तोलून जड, चांगली नाणी बाजूला काढत आणि वितळवत. हलकी तेवढी बाजारात फिरत. मजुराच्या हाती येई ती हीच, याचं मला आजही वाईट वाटतं.

नाणं लिंबानं किंवा पावडरीनं मुळीच घासू नका. उरलेला पातळ थर जाईल आणि बोंडावरचे खवलेही.