विंडोजऐवजी लिनक्स
प्रश्न : विंडोज १०चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि माझा संगणक विंडोज ११च्या अटींत बसत नाही. रोजच्या कामासाठी लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत संगणकप्रणाली) चालेल का?

उत्तर : ब्राउझर, ईमेल आणि साधी कागदपत्रे यांवर भागत असेल, तर निश्चित चालेल, मात्र फोटोशॉप लिनक्ससाठी मिळत नाही आणि मॅक्रो (कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल फाइली लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस संचामध्ये हमखास चालतीलच असे नाही. लिनक्स मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती आधी पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता, चालवून वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर (रुसतो तो बहुधा हाच) तपासावेत. दोन्ही प्रणाली एकत्र ठेवायच्या असल्यास विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ (संगणक लवकर सुरू करण्याची सोय) बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. सर्व फाइलींची प्रत मात्र लिनक्स बसवण्याआधीच वेगळ्या डिस्कवर घ्यावी.