एक्स३डी घ्यावा का? कॅशचा जादा थर आणि नागपूरचा उन्हाळा

भाऊ, तुमचे प्रश्न दोन: गेमिंग आणि थोड्या व्हिडिओ एडिटिंगसाठी रायझन ९८००एक्स३डी (एएमडीचा प्रोसेसर; एक्स३डी म्हणजे कॅशचा जादा थर असलेला) घ्यावा का, आणि नागपूरच्या मे महिन्यात तो तापेल का?

आधी कॅशचं, म्हणजे प्रोसेसरमधल्याच छोट्या पण वेगवान मेमरीचं. रॅममधून डेटा यायला साधारण ७०-८० नॅनोसेकंद लागतात. ५ गिगाहर्ट्झवर तेवढ्या वेळात कोअरची (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागाची) साडेतीनशे-चारशे सायकल्स वाट बघण्यात निघून जातात. गेममध्ये पुढे कोणता डेटा लागेल याचा नेम नसतो, म्हणून ३२ ऐवजी ९६ एमबी एल३ (सर्वांत मोठी, सगळ्या कोअरनी वापरायची कॅश) असली की हे थांबणं खूप कमी होतं. एवढी कॅश त्याच चिपवर आडवी पसरली तर चिप मोठी आणि महाग होते. नव्या प्रोसेसमध्ये लॉजिक (हिशेब करणारी सर्किट्स) जितकं आक्रसतं तितकी एसरॅम, म्हणजे कॅश ज्याची बनते ती मेमरी, आक्रसत नाही. म्हणून ती वेगळ्या चिपवर करून वर चिकटवायची.

किंमत मोजावी लागली ती उष्णतेत. २०२२ च्या ५८००एक्स३डी मध्ये कॅश वर आणि कोअर खाली होते, त्यामुळे कोअरची उष्णता जादा सिलिकॉनमधून बाहेर पडायची. व्होल्टेजवरही मर्यादा आली. साधा ५८००एक्स ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जायचा, हा ४.५ वर थांबला आणि ओव्हरक्लॉकिंगही (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) बंद. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये क्रम उलटा केला, कॅश खाली आणि कोअर वर. बूस्ट (कमाल वेग) ५.२ वर गेला, ओव्हरक्लॉकिंग खुलं झालं. माझ्या मते या सगळ्या मालिकेतली ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे.

तरी हीटसिंक खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ३८ च्या खोलीत त्याच कामाला ९० च्या आसपास जाणार. त्याची मर्यादा ९५ आहे. जळणार नाही, पण मोठा ड्युअल टॉवर कूलर घ्या आणि कॅबिनेटची पुढची जाळी मोकळी ठेवा. सीताबर्डीत दुकानदार समोर काच लावलेलं कॅबिनेट पुढे करेल, ते घेऊ नका.

एडिटिंगसाठी मात्र याचा फायदा जवळपास नाही. एक्सपोर्टमध्ये डेटा ओळीने येतो, तिथे जास्त कोअर आणि क्लॉक लागतात. तुमचं निम्म्याहून जास्त काम तेच असेल तर त्याच पैशात जास्त कोअरचा साधा रायझन घ्या. ४के वर खेळणार असाल तरी आधी ग्राफिक्स कार्ड बघा, कारण बहुतेक वेळा अडतं तिथेच.

एक्स३डी घेतलाच तर महागडी रॅम नको. कॅश मोठी असल्याने रॅमच्या वेगाचा फरक कमी पडतो, डीडीआर५-६००० (६००० वेगाची डीडीआर५ रॅम) पुरते.