मुंबईत १६०, नाशकात १५०: एमजीबीचं इंजिन उघडावं का?

तुम्ही लिहिलंय की तुमची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) कम्प्रेशन टेस्टला, म्हणजे सिलेंडरात हवा किती दाबली जाते ते मोजताना, मुंबईत चारही सिलेंडरला १६० पाउंड (दर चौरस इंचाला) दाखवत होती, नाशकात तोच गेज १४८ ते १५० दाखवतोय आणि गॅरेजवाला इंजिन उघडायला सांगतोय. उघडू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. कसारा घाट चढून आलं की हवेचा दाब जवळपास ७ टक्क्यांनी उतरतो. आत शिरणारी हवाच विरळ, त्यामुळे मुंबईचे १६० इथे १५० च्या आसपासच यायला हवेत. चारही सारखे आहेत, ते महत्त्वाचं.

हा विषय निघाला की माझं डोकं फिरतं, कारण अण्णांच्या एमजीबीचं इंजिन असंच एका आकड्यावरून कापलं जाणार होतं. गाडी आयडलला थडथडायची म्हणून भाऊजींनी ती एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने थंड इंजिनवर, एकेकच प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता सेल्फ मारला (अशाने आकडे कमीच येतात) आणि ‘रिंगा गेल्या, बोअर करा’, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, सिलेंडर कापून मोठे करा, म्हणून मोकळा झाला. भाऊजी लगेच तयार. ‘जुनं इंजिन आहे, एकदाच काय ते करून टाकू.’ मी गाडी घरी आणली.

इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, कॉइलची वायर सोडली. पुतण्याने अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून धरला. या गाडीच्या दोन एसयू कार्ब्युरेटरना (इंजिनात हवा-पेट्रोल सोडणारे भाग) तेवढ्याने भागत नाही. त्यांच्या आतले दोन्ही छोटे पिस्टनही बोटांनी वर उचलून धरावे लागतात, नाहीतर हवा अडते. १५०, १४८, ९५, १५०. रोग फक्त तिसऱ्यात. त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा सेल्फ मारला: ९८. रिंगा गेल्या असत्या तर तेलाने फट भरून काटा चांगला चढला असता. शेजारचा सिलेंडरही पडलेला असता तर हेड गास्केटवर (सिलेंडर आणि हेड यांच्यामधल्या सीलवर) संशय घेतला असता. मग तिसरा पिस्टन कम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व बंद असताना सगळ्यात वर, आणला, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि कॉम्प्रेसरची हवा सोडली. अण्णा सायलेन्सरच्या नळीशी कान लावून बसले होते. म्हणाले, “इथून फुसफुसतंय रे.” म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व. टॅपेट कव्हर काढलं तर तिथे फट मोजायच्या फिलर गेजचं सगळ्यात पातळ पातंही जाईना, म्हणजे व्हॉल्व पूर्ण मिटतच नव्हता. क्लिअरन्स, म्हणजे ती फट, नीट लावली आणि काटा १४५ वर गेला. व्हॉल्व जळायच्या आत सापडला, नाहीतर हेड उतरवावंच लागलं असतं.

भाऊजी अजूनही म्हणतात, बोअर केलं असतं तर गाडी नवी झाली असती. मूळ बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, ८०.२६ मिलीमीटरचा. ओव्हरसाइज पिस्टनसाठी एकदा कापला की तो गेला, आणि कापत कापत शेवटी लायनरवर (सिलेंडरात बसवायच्या नव्या नळीवर) यायचं. धडधाकट सिलेंडर कापण्याला मी दुरुस्ती म्हणत नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

बाकी, बॅटरी उतरलेली असेल तर सेल्फ हळू फिरतो आणि चारही आकडे पडतात. हाताने दाबून धरायचा रबरी टोकाचा गेज गळतो, आटे असलेला घ्या. तेल जास्त ओतलं तर चांगल्या सिलेंडरचाही आकडा फुगतो. आणि गाडी तेल पीत असेल तर माझं ‘उघडू नका’ मी मागे घेतो, कारण ऑइल रिंगा खराब असूनही कम्प्रेशन ठीक येऊ शकतं. तुम्ही धुराबद्दल काहीच लिहिलेलं नाही. सकाळी पहिल्यांदा चालू करताना आणि उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून निळा धूर येतो का, तेवढं बघून सांगा.